पांढर

यार्देनचं पाणी आणलंस काय, सालोमीआत्यानं दारातच विचारलं.
आणलं होतं, दोन बाटल्या.
एक विमानात गळली, माझ्या स्वेटरात मुरली,
आता तो स्वेटर धुवावा की नाही, हेच ठरत नाही.

रविवारी, खानापुरात, उपासना संपता संपता
पाळकसाहेब म्हणाले, एस्तेरताई, पाच मिनिटं साक्ष द्या.
उठले. गव्हाणीबद्दल बोलायचं होतं, सरोवराबद्दल,
तोंडातून आलं: लाखीश.

कोण जातं लाखीशला?
आमच्या यादीतही नव्हतं. पुढं रस्ता अडवलेला,
म्हणून बस वळली आणि एका बोडक्या टेकाडाशी थांबली.
पिवळं गवत, काटे, सावली औषधाला नाही.
गाइड म्हणाला, हे टेल. गावावर गाव बसत गेलं,
जळलं, राखेवर परत चुली मांडल्या, परत जळलं.
मागून निपाणीचे तंबाखूवाले मामा म्हणाले,
म्हणजे आपली पांढर की हो!
सगळे हसले. गाइडला कळलं नाही.

बाकीचे वेशीचे दगड बघत होते,
वेढा घालणाऱ्यांनी रचलेला चढ बघत होते,
फोटोत एकमेकांना थोडं डावीकडं सरकवत होते.
मी खाली बघत होते. पायाखाली नुसती खापरं.
एका घड्याचा कान मातीबाहेर आलेला,
आणि जिथं कान घड्याला चिकटवतात तिथं
अंगठ्याचा खळगा.

मी माझा अंगठा ठेवून पाहिला.
सैल पडला.
उचलू नका, गाइड ओरडला.
मी उचलत नव्हते.

शांतवनचा बसला असता. माझा बाप.
कौलांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं,
मलप्रभेकाठची माती, दिवसाला हजार कौलं,
साच्यातून ओलं कौल उतरवताना
प्रत्येकाच्या पाठीवर अंगठा.
मुकादम बसप्पा कानडीत मोजायचा, बाप मराठीत,
ऐंवत्तु, पन्नास, ऐंवत्तु-ओंदु, एक्कावन्न,
संध्याकाळी दोघांचा आकडा जुळला
तर एका बिडीचे दोन तुकडे.
पाटी कुठल्या भाषेत, यावरून नाक्यावर दगड चालले
त्या दिवशीही आकडा जुळला होता.
पेटलेली भट्टी मधेच सोडून जाता येत नाही,
असं दोघंही म्हणायचे, आपापल्या भाषेत.

एवढं सांगेपर्यंत पाच मिनिटं संपली.
पेटीवाला खोकला.
आत्या घरी जाताना म्हणाली,
एवढे पैसे घालून खापरं बघून आलीस होय गं?

मग मंगळवारी ओबेदला घेऊन कारखान्यावर गेले.
बंद पडून अठरा वर्षं. चिमणी आहे, बाकी घाणेरी.
मागं फुटक्या कौलांचा ढीग, माणूसभर उंच,
वर वारूळ, मधून एक ऐनाचं रोप.
टेल, मी म्हटलं.
कुठलं तेल? ओबेद म्हणाला.

एकेक पालथं करत गेले.
अंगठे किती, बाई! रुंद, तिरके, नख लागलेले.
बापाचा कुठला, कशावरून ठरवायचं?
लाखीशच्या उन्हात वाटलं होतं,
बघताक्षणी ओळखेन.

एकावर मात्र अगदीच लहान खळगा होता,
आठनऊ वर्षांच्या पोरीचा असेल.
मी डबा घेऊन जायची दुपारी. बाप कधी म्हणाला होता का,
दे इथं एक? आठवत नाही.
बसप्पालाही पोरं होती. डबा आणणारी मी एकटी नव्हते.
अंगठा ठेवला नाही. आता काय बसणार?

कौल होतं तसं पालथं ठेवलं.
ओबेद, काही उचलू नको रे, म्हटलं, आणि वळून बघते
तर त्यानं चांगली साबूत सात कौलं
गाडीच्या फळीवर रचून ठेवलेली,
कोंबड्यांच्या खुराड्यावर घालायला.